बिघाड पेरणारे सर

आमच्या वर्कशॉपमधल्या साठी उलटलेल्या एका माणसासाठी मी कितीतरी वर्षं नेलपॉलिश आणत होते. बिनरंगाचं, पाण्यासारखं. पहिल्यांदा ते स्वतःच बांगड्यांच्या दुकानात गेले होते म्हणे. दुकानदारानं "सुनेला का लेकीला?" असं विचारल्यावर त्यांनी "गाडीला" असं खरंखरं सांगून टाकलं आणि दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. स्टाफरूमच्या दारातून ते हळूच म्हणायचे, "बाई, ते आपलं ते आणा बरं एक," आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघायचे.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका गावात आमचं खाजगी आयटीआय आहे. मी तिथे ड्रॉइंग आणि गणित शिकवते. सर डिझेल मेकॅनिकच्या पोरांना गाडीची वायरिंग शिकवायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आले होते आणि संस्था त्यांना दरवर्षी आणखी एक वर्ष ठेवून घ्यायची. रोज कंधारहून एसटीनं यायचे, एसटीनं जायचे. सगळा जन्म गाड्यांत गेला, पण स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "घरीबी खराबी कामून पाळायची, बाई?"

पोरं पाठीमागे त्यांना बिघाडसर म्हणायची. नाव अगदी चपखल होतं. आमच्या शेडमध्ये एका डॉक्टरांनी देऊन टाकलेली जुनी डिझेल कार उभी असायची. ती रस्त्यावर कधी जात नसे. सर रोज सकाळी पोरं यायच्या आत तिच्यात एक बिघाड करून ठेवायचे. त्याला ते 'पेरणं' म्हणायचे. कधी जळका फ्यूज, कधी रिलेचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या डबीचा, एक पाय किंचित वाकवलेला, कधी वायरीचं वरचं कव्हर शाबूत ठेवून आतली तांब्याची तार तोडलेली. पोरांनी दिवसभर तो शोधायचा आणि सरांनी शेडच्या दारात खुर्ची टाकून त्यांची फजिती बघत बसायचं.

त्यातही त्यांचा जीव हीटर प्लगवर. डिझेलच्या जुन्या गाडीला थंडीत चालू व्हायला इंजिनाच्या पोटात आधी थोडी ऊब लागते. ती देणारे हे बोटाएवढे चार प्लग. त्यांना करंट पोचला नाही तर सेल्फ नुसता घरघरत राहतो, मागून पांढरा धूर निघतो आणि गाडी काही चालू होत नाही. करंट कुठे अडला हे शोधायचं तर बॅटरी, फ्यूज, रिले, जाड वायर, चारही प्लगांना जोडणारी पट्टी, असं एकेक ठिकाण तपासत जावं लागतं. पोरांना कुठला तेवढा दम? एखादा हमखास म्हणायचाच, "सर, चारी प्लग बदलून टाकू." मग संपलं. "बदलणारे दुकानात बसत असतेत. तू जा, तिकडं बस," असं म्हणून सर त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायचे. एखाद्या दिवशी त्या कोपऱ्यात बसायला जागा उरायची नाही.

गळ्यात त्यांच्या एक दोरी असायची. तिला दोन वायरी लावलेला छोटा बल्ब आणि गाडीची एकुलती एक चावी. संस्थेनं घेतलेलं मीटर कपाटात धूळ खात पडलेलं. मीटर का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं तर गडी खुलला. "मीटर आकडा दाखवतंय बाई. कुजलेल्या जोडातूनबी बाराचा आकडा येतोय. प्लगला करंट लई लागतो, तो त्या जोडातून जातच न्हाई. बल्बाला पेटायचं काम करावं लागतं. त्याला खोटं बोलता येत न्हाई." गाडीच्या डॅशबोर्डवरच्या हीटरच्या दिव्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. तो दिवा विझला की प्लग तापले असं सगळे ड्रायव्हर धरून चालतात. सर म्हणायचे, "त्याला घड्याळ हाय, डोळे न्हाईत. टाइम झाला की विझतो. आत काय झालं त्याला काय मालूम?"

नेलपॉलिशचा उपयोग आता कळला असेल. जाड वायर पट्टीला जिथे नटानं आवळलेली असते, तिथे तिच्या टोकाच्या कडीला आतून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं आणि नट परत आवळायचा. दिसायला जोड लख्ख, नवा कोरा. करंट मात्र तिथेच अडतो. हा बिघाड ते वर्षातून एकदोनदाच पेरायचे, सणावाराला पक्वान्न करावं तसा. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं.

त्यांचे कायदे दोन. पहिला, बॉनेट उघडण्याआधी विचारायचं. कधीपासून? सकाळीच का दिवसभर? शेवटी नीट कधी चालली? त्यानंतर हात कोणी लावला? हा कायदा ते गाडीपुरता ठेवत नसत. एकदा माझा मिक्सर बंद पडला तर जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास माझी उलटतपासणी चालली होती. नवऱ्याचं नाव येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही, आणि घरी गेल्यावर नवऱ्यानं कबूलही केलं की प्लग त्यानंच वायरीला धरून ओढून काढला होता.

दुसरा कायदा, ज्यानं पेरला त्यानंच काढायचा, आणि त्याच दिवशी. चार वाजले की पोरांना सापडलेला असो की नसो, सर उठायचे, बिघाड काढायचे, गाडी चालू करून दाखवायचे आणि मगच एसटी पकडायला निघायचे. पेरलेलं कधी कुठे लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो शोभायचाही.

मला त्यांचा रागही यायचा, हे सांगितलं पाहिजे. माझ्या तासाची पोरं ते खुशाल अडवून ठेवायचे. "सापडला न्हाई अजून" हे त्यांचं कारण. गणित काय उद्याही तिथेच राहणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तणतणत शेडमध्ये जायची आणि पाच मिनिटांनी मीही वाकून वायरी बघत उभी असायची.

एका वर्षी डिझेलच्या बॅचला सुजाता नावाची एकच मुलगी होती. कंधारच्या अलीकडच्या एका खेड्यातली. वडील काळीपिवळी जीप चालवायचे आणि थंडीत ती जीप ढकलायला घरातले सगळे लागायचे, म्हणून तिनं डिझेलच घेतलं, असं ती सांगायची. बोलायची कमी, ऐकायची जास्त. पावसाळ्यात सरांनी नेलपॉलिशचा बिघाड पेरला तेव्हा सगळी बॅच हरली होती. बल्ब वायरीवर पेटायचा, पट्टीवर पेटायचा नाही, इथपर्यंत दोघंतिघं आले, पण जोड तर चकचकीत. सुजातानं नट काढला, कडीवरून नख ओढलं, नाकाशी धरलं आणि हळूच म्हणाली, "सर, हे नखाला लावायचं हाय." सरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "शाब्बास. पन कोनाला सांगू नको. पुढच्या पोरांला ठिवायचं हाय." तिनं नाही सांगितलं. म्हणजे आता आम्ही तिघं झालो.

त्या वर्षी परीक्षा लांबत लांबत थंडीत आली. नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपनं सुजाताला घ्यायचं कबूल केलं होतं, मात्र प्रॅक्टिकल पास झाली तर. त्याच दिवसांत सरांनी मला बाटली आणायला सांगितली. मी आणून दिली. आठवड्यानं पुन्हा दारातून तोच हळू आवाज आला, "बाई, ते आपलं ते आणा बरं एक." मला वाटलं सांडली असेल. दुसरीही दिली. मग एक दिवस चार वाजले तरी ते गाडीपाशी नुसते उभे राहिलेले दिसले, हात बॉनेटवर, नजर कुठेतरी. मी हाक मारली तर दचकले. "काय न्हाई, एसटीचा टाइम बगून राहिलो," म्हणाले आणि निघून गेले. घड्याळ त्यांच्या मनगटावर नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी गाडी चालू होईना. थंडी मरणाची होती. सरांनी त्या दिवशी काहीच पेरलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी सगळ्यांना दूर केलं आणि स्वतः शोधायला लागले. बराच वेळ गेला. शेवटी जाड वायरीच्या कडीवर नख ओढलं आणि ते सरळ उभे राहिले. त्यांचा हिशेब लगेच झाला. ही युक्ती तिघांना माहीत. बाई गाडीला हात लावत नाहीत. आपण स्वतः केलं नाही. उरली सुजाता.

"माझ्या गाडीवर माझंच औषध मारती?" ते ओरडले. त्यांना ओरडताना आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. सुजाता म्हणाली, "सर, म्या न्हाई केलं." तिचं पुढचं काही त्यांनी ऐकून घेतलं नाही. तिनं यापुढे शेडमध्ये पाय टाकायचा नाही, तिला प्रॅक्टिकलला बसवणार नाही, असं ते प्राचार्यांना जाऊन सांगून आले. प्राचार्य म्हणाले, सर म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. इतक्या वर्षांत सरांनी कोणाची तक्रार केली नव्हती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी त्याच दुपारी स्टाफरूममध्ये त्यांना धरलं. "सर, या महिन्यात तुम्ही माझ्याकडून दोन बाटल्या घेतल्यात."

"एकबी न्हाई घेतली. दिवाळीपासून हात लावला न्हाई म्या त्याला."

"सर, मी आणून दिल्यात."

"तुमी मला वेड्यात काढून राहिला का, बाई?" असं म्हणून ते डबा अर्धा टाकून उठले. मला त्यांचा संताप आला होता, आणि त्याच्या खाली भीती होती. ते खोटं बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुजाता आली. शेडच्या उंबऱ्याशी चपला काढून बाहेरच उभी राहिली. मी आत होते, पोरं गाडीभोवती होती. ती म्हणाली, "सर, आत येऊ नको म्हनलात म्हनून हितूनच बोलते. बॉनेट उघडायच्या आधी तुमी सगळं इचारता. मला तर काहीच इचारलं न्हाई."

सर खुर्चीत बसले. मग सवयीनंच असेल, पण त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"गाडी शेवटी नीट कधी चालली?"

"शनिवारी सकाळी. मीच चालू केली. पहिल्या झटक्यात. तुमी बाजूलाच होता. मंग गाडीला कुलूप लावून चावी तुमीच गळ्यात घातली."

"हाव." त्यांना ते आठवत होतं. "सोमवारी?"

"सोमवारी आमी समदे विष्णुपुरीला होतो, सर. धरण बगायला. बाईबी होत्या."

"सहल मागल्या आठवड्यात झाली."

"न्हाई सर. सोमवारीच झाली. परवा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात इतकं जड उत्तर मी कोणाला दिलं नसेल. "सोमवारीच, सर," मी म्हणाले. "बॅचमधलं एकही पोर इथं नव्हतं. तुम्ही आला नाहीत सहलीला. कंटाळा आला म्हणालात."

"मग सोमवारी शेडमधी कोन होतं?"

पोरं जमिनीकडे बघत होती. सरांचा हात दोरीवर गेला आणि चावी मुठीत धरून तिथेच थांबला. मग दुसरा हात हळूहळू एप्रनच्या खिशात गेला. खिशात पान्हा होता, चिंध्या होत्या आणि बाटली होती. निम्मी रिकामी. त्यांनी ती बाहेर काढली आणि उलटीसुलटी करून बघितली, दुसऱ्या कोणाची असावी तशी.

"म्हंजे उरलो मी," ते म्हणाले.

मग ते उठले, उंबऱ्याशी गेले. सुजातासमोर हात जोडून म्हणाले, "पोरी, चुकी माझी हाय. पेरला मीच, अन् इसरलोबी मीच." ती लहान मुलासारखी रडायला लागली. मलाही रडू आवरेना. सरांच्या विसरण्याबद्दल इतके दिवस मला जे वाटत होतं, ते सगळं खरं निघालं होतं, आणि ते खोटं निघावं म्हणून मी मनातून किती नवस बोलले होते ते माझं मला माहीत. सर मात्र कोरडे होते. "आत ये," तिला म्हणाले, "अन् चपला घाल. पायाला बोल्ट टोचंल."

त्यांनी स्वतःच प्राचार्यांना सांगून तक्रार मागे घेतली. मी कंधारला फोन केला तेव्हा काकू, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "घरीबी तसंच चालू हाय बाई. च्या पिऊन बसतेत अन् च्या कामून केला न्हाई म्हनतेत." नांदेडच्या डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या चालू झाल्या. गोळ्यांनी विसरण्याच्या आजाराची चाल मंदावेल, मागे फिरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे सगळं सरांनी मला एखाद्या गाडीबद्दल सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर शेडमध्ये उलटी तऱ्हा सुरू झाली. बिघाड पोरांनी पेरायचा आणि सरांनी शोधायचा. तो त्यांना सापडायचा, दरवेळी सापडायचा, आणि पोरं टाळ्या वाजवायची. पण एक चिंता त्यांना पोखरत होती आणि ती ते फक्त मला बोलून दाखवायचे. "बाई, मी अजून कुठं काय पेरून ठिवलं आसंल तर? प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला एक बिघाड सापडंल, अन् गाडी चालू होनार न्हाई. माझ्या दुसऱ्यामुळं." म्हणून ते रोज सकाळी बल्ब घेऊन सगळी गाडी तपासायचे. हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत एकेक जोड. संपलं की हात पुसून खुर्चीत बसायचे. थोड्या वेळानं उठून पुन्हा पहिल्या जोडापासून सुरू करायचे, कारण तपासल्याचं त्यांना आठवायचं नाही. मी सांगायची, सर, झालं की आत्ताच. ते म्हणायचे, "झालं का? बरं बरं." आणि तरी बघायचेच.

प्रॅक्टिकलला लातूरहून परीक्षक आले. तरुण होते, घाईत होते. रीत अशी की बिघाड आमच्या सरांनी पेरायचा आणि परीक्षकांच्या कानात सांगायचा, मग मुलांनी एकेक करून शोधायचा. प्राचार्य म्हणाले, "सर, करा सुरुवात."

सर जागचे हलले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, बिघाड तुमी घाला. मी पेरलेलं मला ध्यानात ऱ्हात न्हाई. मला तो आजार झालाय."

प्राचार्य हसण्यावारी न्यायला गेले, "सरांची गंमत असते अशी." सर म्हणाले, "गंमत न्हाई. पोरांचं नुकसान व्हईल." परीक्षक एकदा त्यांच्याकडे, एकदा प्राचार्यांकडे बघत राहिले. असं चारचौघांत बोलल्यावर संस्था पुढचं वर्ष काही ठेवून घेणार नाही, हे शेडमधल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि सरांना सगळ्यांच्या आधी. त्यांनी गळ्यातली दोरी काढली, चावी सोडवून परीक्षकांच्या हातावर ठेवली आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. परीक्षकांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून बिघाड पेरला.

सुजाताची पाळी आली तेव्हा मी दारात होते. तिनं आधी परीक्षकांना प्रश्न विचारले. ते जरा वैतागले, पण उत्तरं दिली त्यांनी. मग फ्यूज, मग रिले. रिलेपाशी तिला सापडलं. तिनं तो सैल रिले नीट बसवला, चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा दिवा विझल्यावरही थोडं थांबली आणि सेल्फ मारला. गाडी चालू झाली. धूरसुद्धा निघाला नाही.

मी बाहेर आले. सर झाडाखाली ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. इंजिनाचा आवाज त्यांनी ऐकला होता. तरी विचारलं, "किती निघाले, बाई?"

"एकच, सर. रिलेचा. परीक्षकांनी घातलेला."

"दुसरा न्हाई निघाला?"

"नाही."

"म्हंजे माझा कुठला राह्यला नव्हता." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते मला दिसलं. चेहरा पावसाळ्यातल्या त्या दिवसासारखा झाला होता. आम्ही तसेच बसून राहिलो. आतून पोरांचा गलका ऐकू येत होता, पुढच्या पोराची पाळी लागली होती.

थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तीच काळजी होती.

"किती निघाले, बाई?"

"एकच, सर," मी म्हणाले. आणि ते पुन्हा तेवढेच सुखावले.